घरच्यांसाठी न थांबणारी बस

माझ्या वडिलांना आमच्या भागात सगळे ‘मिनिटभर’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण फारसं लपवूनही नाही. स्टॉपवर धापा टाकत कुणी आला आणि त्याने “मिनिटभरची गेली का हो?” असं विचारलं, की समजायचं, सकाळची सात-वीसची बस. एकतीस वर्षं ते बस चालवत होते आणि त्यातली शेवटची एकोणीस या एकाच मार्गावर. वर पाण्याच्या टाकीजवळून निघायचं, उतार उतरून बाजार, मग इस्पितळ, मग स्टेशन आणि परत. वरचा स्टॉप म्हणजे एक लोखंडी खांब, त्यावर पत्र्याची पाटी आणि मागे एक बाक. त्या बाकाची एक फळी मी शाळेत होते तेव्हापासून गायब आहे.

हे नाव त्यांना एका सवयीमुळे पडलं. बस सुटायच्या वेळी ते दाराकडच्या आरशात बघायचे. लांबून कुणी पळत येताना दिसलं की मान न वळवताच मागे बसलेल्यांना सांगायचे, “मिनिटभर.” मागचे थोडे कुरकुरायचे, घड्याळं बघायचे, पण फार ताणायचे नाहीत. कारण त्यातला प्रत्येक जण कधी ना कधी त्या आरशात पळत आलेला होता. शिवाय टाकीच्या वळणावर आले की बाबा दोनदा हॉर्न वाजवायचे. त्या हॉर्नवर आमच्या सगळ्या गल्लीचं घड्याळ लागलेलं होतं. पहिल्या हॉर्नला चहा संपायचा, दुसऱ्याला बूट पायात जायचे.

पण हे मिनिट घरच्यांसाठी नव्हतं.

त्याचीही गोष्ट आहे. माझा जन्म व्हायच्या आधी, बाबा दुसऱ्या मार्गावर होते तेव्हा, एकदा आई पिशव्या सांभाळत स्टॉपकडे येत होती आणि बाबा तिच्यासाठी थांबले. बसमधला एक जण उठून मोठ्याने म्हणाला, “बस काय घरची आहे का?” त्याचं एवढं काही चुकलं नव्हतं, पुढे स्टेशनवर त्याची गाडी चुकली आणि दुसऱ्या दिवशी येऊन त्याने ते बाबांना सांगितलं, भांडून नाही, नुसतं सांगितलं. बाबांच्या ते जे मनाला लागलं, ते कायमचं. त्यांनी कानाला खडा लावला. परक्यासाठी थांबायचं, घरच्यांसाठी नाही. आई ही गोष्ट सांगताना हसायची. “लग्न झाल्यापासून मी दहा मिनिटं आधीच जगतेय,” म्हणायची. आणि खरंच, आईला मी कधी कशासाठी पळताना पाहिलं नाही. ती आधीच पोचलेली असायची.

मीही लहानपणापासून ते अंगवळणी पाडून घेतलं होतं. मला त्याचा थोडा अभिमानही वाटायचा. वर्गातल्या मुलींना मी सांगायचे की आमचे बाबा तुमच्यासाठी थांबतात, माझ्यासाठी नाही. असला अभिमान बाळगायला फार अक्कल लागत नाही.

मग बसमध्ये ती काळी डबी आली. स्टिअरिंगच्या बाजूला बसवलेली, साबणाच्या वडीएवढी. बस कुठे किती सेकंद उभी राहिली ते ती टिपून ठेवायची आणि तीस सेकंदांच्या वर गेलं की कंपनीच्या ऑफिसात आपोआप कळायचं. हॉर्नवरही बंदी आली, कारण कुणीतरी झोपमोड होते म्हणून तक्रार केली होती. बाबांना सहा महिन्यांत दोन पत्रं आली. दोन्ही पत्रांत तेच, विनाकारण थांबणे. तिसरं आलं असतं तर त्यांना बसवरून उतरवून डेपोत बसवणार होते, आणि रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष उरलं होतं. त्यांची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी आम्हाला शंभरदा ऐकवली होती. शेवटच्या दिवशी सात-वीस न्यायची, आणून लावायची, किल्ली टेबलावर ठेवायची आणि चालत घरी यायचं.

“विनाकारण म्हणजे काय?” ते जेवताना पत्र पुन्हा उघडून विचारायचे. “माणूस पळत येतंय. हे कारण नाही?”

“तुम्ही डबीला विचारा,” आई म्हणायची.

तेव्हापासून त्यांचं मिनिट आखडलं. वीस सेकंद, पंचवीस सेकंद. कधी माणूस हाताच्या अंतरावर असताना दार लागायचं. लोकांना हे कळायला वेळ लागला, कारण एकोणीस वर्षांची सवय होती. हॉर्नही नाही आणि मिनिटही नाही. मग सुरुवातीला सगळे चिडले, आणि मग एकेकाने गाडी घेतली.

मी गाडी का घेतली ते सांगते. मी एका प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा ती स्टेशनजवळ होती. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना नळ्या नि धूर आठवतो, पण आमच्याकडे कवळ्या बनतात. डॉक्टर जबड्याचा ठसा पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा काढतो, मेणात एकेक दात बसवतो, मग पुढचं. तेव्हा मी तिथे हंगामी होते. जागा एक आणि आम्ही दोघी. मालकांनी सांगितलं, अमुक दिवशी आठ वाजता दोघींना एकच साचा देईन, संध्याकाळपर्यंत अख्खी कवळी मेणात उभी करून दाखवा. “आठला दार लावून घेणार,” असंही म्हणाले. ते बोलल्याप्रमाणे करणारे होते.

त्या सकाळी मी वेळेवर निघाले होते. फाटकापर्यंत आले आणि आठवलं, मेण कापायची सुरी टेबलावरच राहिली. ती माझी स्वतःची सुरी, तिची मूठ माझ्या बोटांना बसलेली. दुसऱ्याच्या सुरीने माझ्याकडून दात सरळ बसत नाहीत. परत गेले, सुरी घेतली आणि पळाले. उताराच्या वळणावर आले तेव्हा बस उभी होती आणि शिंपी धडपडत चढत होता. शिंप्याचं बाजारात दुकान आहे आणि आयुष्यात तो कुठे वेळेवर पोचल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मी हात वर केला. बसपासून चाळीस पावलांवर असेन. दाराकडच्या आरशात मला बाबांचा चेहरा दिसला. एवढासा, पण स्पष्ट. दार लागलं आणि बस निघाली.

पुढची बस चाळीस मिनिटांनी होती. त्या वेळी उतारावर भाड्याची गाडीही मिळत नाही. मी साडेआठला पोचले. दार लावलेलं होतं. मी दारावर थाप मारली नाही. बाहेरच्या पायरीवर पिशवीतली सुरी धरून बसले. ती जागा दुसरीला मिळाली, मी हंगामीच राहिले. मुलगी चांगली आहे, हात चांगला आहे तिचा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

संध्याकाळी बाबा आले, बूट काढत होते, तेवढ्यात मी विचारलं, “मी आरशात दिसले नाही का?”

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नाही गं, दिसली नाहीस. मीही ते मानून घेतलं असतं. मला तेच हवं होतं.

“दिसलीस,” बाबा म्हणाले.

“मग?”

“शिंप्यासाठी वीस सेकंद गेले होते. दहा उरले होते.”

“दहा सेकंदांत मी पोचले असते.”

“पोचली असतीस,” ते म्हणाले. “पण तू घरची.” आणि मग ते हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू राहिला.

मला तेव्हा एवढंच ऐकू आलं की माझा बाप शिंप्यासाठी थांबतो आणि माझ्यासाठी नाही. नाकावर राग घेऊन मी दोन महिने वावरले, आणि मग एक जुनी, राखाडी, चार दारांची गाडी घेऊन घरी आले. आईने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “आता मी वेळेवर निघाले तरी चालेल का?” बाबांनी टायर बघितले. “मागचा डावा बदलून घे,” एवढंच बोलले. गाडीत मात्र बसले नाहीत.

गाडीचं सुख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आता सगळं होऊन गेल्यावर तसं म्हणणं सोपं आहे, पण खोटं बोलायची माझी तयारी नाही, निदान याबाबतीत. गाडी मी येईपर्यंत थांबायची. सुरी विसरली तर परत जाऊन आणता यायची आणि कुणाचं काही अडायचं नाही. दार लावलं की बाहेरचा गलका बाहेर. माझी गाणी, माझी उशी, मागच्या सीटवर माझी छत्री दोन-दोन महिने पडलेली. कुणाचं कोपर नाही, कुणाची पिशवी नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या मर्जीवर नाही. आपण पळतोय आणि कुणीतरी आरशातून आपल्याकडे बघून ठरवतोय, हे संपलं. लोक मला विचारतात, बसला काय झालं होतं? काही झालं नव्हतं. ती फक्त निघून गेली होती.

आमच्या गल्लीत तेव्हा दारोदार गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या आणि विचारलं तर प्रत्येकाकडे अशी एक सकाळ होती. एकाच्या मुलाची परीक्षा. एकीच्या सासऱ्यांना पायरीच चढता येत नव्हती, आणि मागचे लोक ओरडले. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने मात्र शेजाऱ्याने घेतली म्हणून घेतली, आणि ते त्याने कधी लपवलं नाही. या सगळ्या गाड्या सकाळी एकदम उतारावर उतरायच्या आणि त्यांच्या मागे बाबांची बस अडकायची. मग बसला उशीर व्हायचा, मग आणखी कुणीतरी वैतागून गाडी घ्यायचं. बाबा घरी येऊन गाड्यांवर कधी करवादले नाहीत. माझी दाराशी उभी होती ना.

आता ज्याचं मला वाईट वाटतं ते.

मी सात-दहाला निघायचे. स्टॉपवर तेव्हा रोजची चार माणसं आधीच येऊन उभी असायची. शिंपी (बस चुकण्याची भीती आता त्यालाही बसली होती), कॉलेजात जाणारी एक मुलगी, कचेरीतला एक अबोल कारकून आणि मावशी. मावशी म्हणजे आमच्या पलीकडच्या घरातल्या. सख्ख्या नाहीत, पण मला अंघोळ घालण्यापासून सगळं त्यांनी केलेलं आहे. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, विसरण्याचा आजार झाला होता आणि ते इस्पितळाच्या मागच्या इमारतीत कायमचे राहायला होते. मावशी रोज सकाळी मऊ भाताचा डबा घेऊन सात-वीसने जायच्या, आठला काकांना भरवायच्या आणि साडेनऊच्या बसने परत यायच्या. काका बायकोचं नाव विसरले होते, मुलाला ओळखत नव्हते, पण आठच्या सुमाराला दाराकडे बघायला लागायचे. डबा आला की तोंड उघडायचे. तिथली नर्स म्हणायची, त्यांना माणूस नाही, वेळ ओळखू येते.

एके दिवशी मी स्टॉपपाशी गाडी थांबवली आणि म्हटलं, “मावशी, बसा. तिकडूनच चाललेय.” मावशी बसल्या. शिंप्याला काही सांगावं लागलं नाही, तो आधीच आत होता. दुसऱ्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. चौघं गाडीत आणि मी पाचवी. मनातलं सांगायचं तर त्यात नुसती दया नव्हती. बाबांनी जे माझ्यासाठी केलं नाही ते मी त्यांच्या स्टॉपवरून, त्यांच्याच माणसांसाठी करून दाखवत होते. मी थांबत होते. रोज, सगळ्यांसाठी.

खाली उतरताना वळणावर बाबांची रिकामी बस वर येताना भेटायची. पहिले दोन दिवस ते समोर बघत गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलून मला सलाम केल्यासारखं केलं. बसवाले एकमेकांना करतात तसं. मीही हात उचलला. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, गेला राग. त्यानंतर रोज हात व्हायचा. दिवसभरात आमचं तेवढंच बोलणं, पण घरातही जरा हसणं परत आलं. आईने एकदा विचारलंही, “तुम्हा दोघांचं रस्त्यात काय ठरलंय?”

त्याच दिवसांत एकदा शिंपी मागून म्हणाला, “स्टॉपवर नोटीस लागलीय. माणसं मोजताहेत म्हणे.”

“मोजू देत की,” मी म्हणाले. “मोजून बस वेळेवर येणार असेल तर मला दोनदा मोजा म्हणावं.”

सगळे हसले. अबोल कारकूनसुद्धा हसला. मावशी म्हणाल्या, “त्याखाली आणखी काहीतरी बारीक लिहिलंय, मला चष्म्याशिवाय दिसलं नाही.” मी म्हटलं, बघते. नोटीस खांबावर होती, आणि गाडीतून खांब दिसतो, खांबावरचं बारीक अक्षर दिसत नाही. त्यासाठी उतरावं लागलं असतं. मी उतरले नाही. मला उशीर होत नव्हता, पाऊस नव्हता, काही नव्हतं. फक्त मी गाडीत होते.

बारीक अक्षरात असं लिहिलं होतं की पंधरा दिवस वरच्या स्टॉपवर चढणारी माणसं मोजली जातील, आणि सरासरी तिसाच्या खाली आली तर सात-वीसची आणि वरून सुटणाऱ्या बाकीच्या सगळ्या फेऱ्या बंद करण्यात येतील.

रोज एक माणूस बाकावर बसून हातातल्या यंत्राचं बटण दाबत होता. मी त्याला रोज बघत होते. मला वाटलं, मोबाइलवर खेळतोय.

सरासरी सत्तावीस आली.

हे मला कळलं ते बाबांकडून नाही. मावशींनी खांबावरचा दुसरा कागद वाचला, या वेळी चष्मा लावून, आणि संध्याकाळी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “भाऊ,” त्या बाबांना म्हणाल्या, “बस बंद होणार?” बाबा खुर्चीत बसून नखं कापत होते. “हो,” म्हणाले. “पहिल्या तारखेपासून.” मावशी म्हणाल्या, “अगं बाई,” आणि माझ्याकडे बघून, “बरं झालं, तुझी गाडी तरी आहे.” त्यांनी ते किती सरळ मनाने म्हटलं ते मला माहीत आहे. म्हणूनच ते अजून बोचतं.

त्या गेल्यावर मी हिशेब केला. त्याला बोटंही पुरली. सत्तावीस आणि चार एकतीस. आणि मी धरून बत्तीस.

“तुम्हाला माहीत होतं?” मी बाबांना विचारलं. “मोजणी चाललीय ते?”

“आम्हाला आधीच सांगतात.”

“मग मला सांगायचं नाही? मी रोज चार माणसं उचलून नेत होते! तुम्ही रोज बघत होतात!”

“चार,” बाबा म्हणाले. “मंगळवारी तीन होती. त्या पोरीला कॉलेजला सुटी होती.”

म्हणजे वळणावर हात वर करताना ते माझ्या गाडीतली डोकी मोजत होते. मला रडू आलं आणि संतापही आला. “एक शब्द बोलायचा होता, बाबा. एक! मी त्यांना बसमध्ये बसवलं असतं. मीसुद्धा बसले असते.”

ते कापलेली नखं कागदावर गोळा करत होते. त्यांनी कागदाची पुडी केली, ती चेपली. मग म्हणाले, “तुला सोडून गेलो होतो मी. आता माझ्या बससाठी थांब, असं तुला कुठल्या तोंडाने सांगू?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पहिल्यांदाच काही विनोद करू शकली नाही. “दोघंही एकाच मातीचे,” एवढंच बोलली आणि आत गेली.

सात-वीसची शेवटची फेरी झाली त्या दिवशी मी जाऊन त्या बसमध्ये बसले. दहा मिनिटं आधी पोचले होते, आईसारखी. बाबांनी टाकीच्या वळणावर दोनदा हॉर्न वाजवला, बंदी असून. बरीच माणसं आली, पाटीचे फोटो काढले, कुणीकुणी बाबांच्या हातात हात दिला. जवळपास पन्नास जण असतील. त्यातले अर्धे गाडीने स्टॉपपर्यंत आले होते.

बाबांना नंतर डेपोत टाकलं. धुवायच्या रांगेत उभ्या असलेल्या बस एकेक करून पाण्याखाली न्यायच्या आणि पलीकडे लावायच्या. दीडशे फूट पुढे, दीडशे फूट मागे. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. उरलेलं वर्ष त्यांनी ते मुकाट्याने केलं. रिटायर झाले त्या दिवशी किल्ली ठेवायला टेबलही नव्हतं. धुणाऱ्याच्या हातात देऊन आले.

मावशींना मी नेत राहिले. शपथ घेतल्यासारखी नेत राहिले, पाच महिने. मग आमची प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, वेळ साडेसातची झाली आणि मला तिथे अखेर कायम केलं. आता इस्पितळ माझ्या वाटेवर नव्हतं. वळसा घालून वीस मिनिटं जास्त. पहिला आठवडा मी वळसा घातला. मग एक दिवसाआड. मग म्हटलं, मावशी, रविवारी नक्की. मावशी म्हणाल्या, “अगं, तू कशाला एवढी ओढाताण करतेस.” माणसं असं म्हणाली की आपल्याला किती हलकं वाटतं, नाही?

शिंप्याने पुतण्याच्या मागे बसून जायला सुरुवात केली. कॉलेजच्या मुलीने वसतिगृह धरलं. कारकुनाने काय केलं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. मावशींच्या मदतीला बाबा आले. खाली बाजारातून एक बस अजून इस्पितळाला जाते, पण तिथपर्यंत वीस मिनिटं उतार. बाबा मावशींचा डबा एका हातात आणि दुसऱ्या हाताचा आधार देत त्यांना सकाळी खाली पोचवायचे. घरातून निघताना घड्याळ बघायचे. पोचायला साडेआठ व्हायचे. नर्स सांगायची की काका आठला दाराकडे बघतात, मग थोड्या वेळाने भिंतीकडे वळतात. डबा उशिरा आला की कधी खातात, कधी तोंड घट्ट मिटून घेतात. एकदा मावशींनी घास पुढे केला तेव्हा त्यांनी विचारलं, “तुम्ही कोण?” घरी येऊन मावशींनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, “बोलले तरी.”

गेल्या महिन्यातली गोष्ट. आभाळ इतकं दाटून आलं होतं की सकाळी मी गाडीचे दिवे लावून निघाले. निघायलाच दहा मिनिटं उशीर झालेला. एका बाईंची कवळी त्या दिवशी नऊला डॉक्टरांकडे पोचायची होती आणि खालची बाजू अजून घासायची होती. स्टॉपच्या पुढे वळण घेतलं आणि आरशात नजर गेली. मावशी उतारावरून येत होत्या. एक पाय ओढत, जवळजवळ पळत. त्यांच्या मागे बाबा, डबा छातीशी धरून, दुसरा हात वर केलेला. चाळीस पावलं असतील.

पाय ब्रेकवर गेला होता. हे मी माझी बाजू राखायला सांगत नाही, खरंच गेला होता. मनात आलं, थांबले की वळसा. वीस मिनिटं. नऊची कवळी. माझ्या गाडीत काळी डबी नव्हती. मला कुणी पत्र पाठवणार नव्हतं. मागे कुरकुरणारी माणसंही नव्हती. सगळी गाडी रिकामी होती. मी पाय उचलला आणि निघून गेले.

संध्याकाळी घरी आले तर ओट्यावर मावशींचा डबा होता. कडी तशीच लावलेली. बाबा शेजारी स्टुलावर बसले होते.

“मावशींचा पाय सुजलाय,” ते म्हणाले. “खाली चालवेना. म्हणून म्हटलं, तुला गाठावं. आज जाणं झालं नाही त्यांचं.”

मी पिशवी खाली ठेवली.

“आरशात दिसलो का गं आम्ही?”

त्यांनी ते साधं विचारलं होतं, पाणी हवंय का विचारावं तसं. मला बूट काढत असलेले बाबा आठवले, आणि ‘दिसलीस’ हा एकच शब्द न चाचरता बोललेले. माझ्याही जिभेवर तोच शब्द होता.

“नाही,” मी म्हणाले. “नाही दिसलात, बाबा.”

त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

“होतं तसं,” म्हणाले. “त्या वळणावर सकाळचं ऊन येतं आरशात.”

त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं. एकोणीस वर्षं त्या वळणावरून बस नेलेला माणूस ते मला सांगत होता. मग त्यांनी डबा उघडला, गार झालेला भात काढला आणि डबा घासायला घेतला.